निबंधाचे मार्क वाढतात का?

माझ्या लिखाणाच्या वर्गाला पोरगं पाठवलं तर वाढतात का, असं तुम्ही पालकांनी विचारलंत म्हणून सांगते, नाही वाढत. निदान पहिल्या सहामाहीत तरी नाही. गेल्या वर्षी उलट दोघातिघांचे कमी झाले आणि एका आईनं मला कपिलतीर्थ मार्केटात भाजी घेताना गाठून चांगलं झापलं, की आधी पोरगं निदान गाईडातलं तरी नीट उतरवायचं, आता स्वतःच्या मनाचं लिहितंय, हे काय शिकवताय तुम्ही. मी मेथीची जुडी हातात धरून ऐकून घेतलं. तिचं खोटं नव्हतं.

हा प्रश्न मला महिन्यातनं दोनदा तरी येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच पुढं ढकलता येईल.

मी दिवसभर कोल्हापुरातल्या एका प्रेसमध्ये डीटीपी करते, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, ऊस बिलाच्या पावत्या, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांनी केलेल्या कामाची प्रुफं. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाच ते सात पेठेतल्या तालमीच्या वरच्या हॉलमध्ये पोरं जमवते, पाचवी ते नववीची, पटावर चौदा आहेत पण एका वेळी दहा आली तरी गर्दी वाटते. फी नाही. वह्या म्हणजे प्रेसमधले कटिंगचे उरलेले कागद पिन मारून. खाली फुटबॉलवाल्यांचे बूट वाळत असतात, त्यांचा वास जिन्यावरनं आमच्याआधी वर पोचलेला असतो. शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमची मॅच असली की अर्धा वर्ग गायब, त्यावर मी भांडत नाही, पेठेत राहून फुटबॉलशी कोण भांडणार.

पहिल्या दिवशी एकानं विचारलं, ताई, मोर लिहू का, पाठ आहे. माझा आवडता पक्षी म्हटलं की महाराष्ट्रातल्या सगळ्या पोरांना मोरच आवडतो, सगळ्यांचा मोर पावसात नाचतो आणि सगळ्यांच्या मोराचे पाय कुरूप असतात. म्हटलं, मोर बघितलायस का कधी? नाही. मग काय बघितलंयस? तर म्हणाला, मटणाच्या दुकानासमोर घार बसते, तिला गिऱ्हाइकांच्या आधी वाटा मिळतो. आता हे त्यानं लिहिलं असतं तर मी दहापैकी दहा दिले असते, पण त्याला ते लिहिण्यासारखं आहे हेच माहीत नव्हतं. तेव्हापासून हजेरीला आमच्याकडं 'हजर' म्हणत नाहीत, आज काय बघितलं ते एका वाक्यात सांगायचं. रंकाळ्यावर कणसं भाजणाऱ्या मावशी पंख्याऐवजी जुन्या कॅलेंडरनं वारा घालतात, मार्च महिना जळलाय. उद्यमनगरातनं पप्पा आले की नाक शिंकरतात, रुमाल काळा होतो (फौंड्रीत आहेत ते). अशी हजेरी घ्यायला वीस मिनिटं जातात आणि खरं सांगायचं तर निम्मा वर्ग तिथंच होऊन जातो.

आता माझी चूक. ही मी पालकांना कधी सांगत नाही, आज सांगते.

सुरुवातीच्या वर्षी आठवीतली एक मुलगी यायची. गप्प, पण लिहायला बसली की मान वर नाही करायची. तिनं लिहिलं, 'मी आईबरोबर नदीला गेलो. आई धुणं धूत होती, मी नुसता बसलो.' मी लाल पेन घेतलं आणि गेलो चं गेले केलं, बसलो चं बसले, नुसता चं नुसती. सवयच ती, दिवसभर तेच करते. वर तिला समजावूनही सांगितलं, की तू मुलगी आहेस ना, मग. तिनं मान डोलावली. पुढच्या शुक्रवारी तिनं मोर लिहिला. अक्षरशः मोर! आणि त्यानंतर आली नाही.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आमच्याकडं बायका, पोरी 'मी येतो', 'मी जातो', 'मी आलो' असंच बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या. पुण्यात हसतात, सिरियलमध्ये आम्हाला विनोदी पात्र करतात. माझी आजी असंच बोलायची, मीसुद्धा घरात असंच बोलते, हे वर जे 'सांगते' 'करते' लिहिलंय ना ते लिहिताना आपोआप येतं, तोंडात नाही. म्हणजे मी त्या पोरीचं जे खोडलं ते माझंच तोंड होतं. हे मला कळायला दोन वर्षं लागली आणि ते कळलं तेही बहिणाबाईंमुळं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या 1951 मध्ये गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं 1952 मध्ये, लेकानं आणि नात्यातल्यानं वेळोवेळी उतरवून ठेवल्या होत्या म्हणून. उतरवून घेणाऱ्यानं जर माझ्यासारखं लाल पेन चालवून खानदेशी बोलीचं पुस्तकी मराठी केलं असतं तर आज पाठ्यपुस्तकात काय राहिलं असतं? आणि आम्ही त्याच पाठ्यपुस्तकातली ती बोलीतली कविता पोरांकडनं पाठ करून घेतो आणि त्याच तासाला त्यांची बोली खोडतो.

लाल पेन बंद केलं. मग करायचं काय, तर तेव्हा मी इतरांनी काय केलंय ते शोधून वाचायला लागले. केनेथ कॉख नावाचा एक अमेरिकन कवी होता, त्यानं 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत कविता लिहून घ्यायला सुरुवात केली, शाळेचा नंबर 61. सगळ्यांनी मिळून एक कविता, प्रत्येकाची एक ओळ, ओळ सुरू व्हायची ती इच्छेनं आणि तिच्यात एक रंग, एक कार्टूनमधलं पात्र आणि एखादं गाव किंवा देश पाहिजे. यमक नको, कारण यमकाच्या मागं लागलं की पोरं जे म्हणायचंय ते सोडून देतात. हे वाचून मी दुसऱ्याच दिवशी पोरांवर प्रयोग केला. हातात आलं ते असं, 'मला वाटतं छोटा भीम इचलकरंजीला लूमवर कामाला लागावा आणि आज्जीला निळं लुगडं विणावा.' पाच मिनिटं हसत होतो सगळे. पण पोरगी पुढं म्हणाली, आज्जीला निळंच आवडायचं. आवडायचं म्हणाली, आवडतं नाही. मग कुणी हसलं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोतली गोष्ट तर मला फारच आवडली. तिथं 2002 मध्ये काही लेखक-शिक्षकांनी शाळा सुटल्यावर पोरांना लिहायला बसवायचं म्हणून व्हॅलेन्सिया रस्त्यावर 826 नंबरची जागा घेतली, तर नियमाप्रमाणं तिथं दुकानच पाहिजे होतं. मग त्यांनी समोर समुद्री चाच्यांना लागणाऱ्या सामानाचं दुकान टाकलं, आणि मागं लिखाण. त्याचा फायदा असा की पोरगं शिकवणीला चाललंय असं कुणाला वाटत नाही, ते चाच्यांच्या दुकानात चाललंय. माझ्याकडं चाचे नाहीत पण तालीम आहे. नववीतलं पोरगं कवितेला चाललंय म्हटलं तर गल्लीत त्याचं जगणं मुश्किल, तालमीत चाललोय म्हटलं की विषय संपला.

एक मात्र त्यांच्याकडं आहे आणि माझ्याकडं नाही, शेजारी बसून एकेका पोराचं ऐकणारी माणसं. दहा पोरं आणि मी एकटी. त्यामुळं कधीकधी मोठं काहीतरी समोर येतं आणि मला पुरत नाही. सुतारवाड्यातला एक सातवीचा मुलगा आहे. त्यांच्याकडं पंचगंगेच्या पुराचं पाणी पहिलं येतं, दर पावसाळ्यात बोचकी बांधून चित्रदुर्ग मठात जायची तयारी ठेवावी लागते. जुलैत राजाराम बंधाऱ्याजवळच्या पाणीपातळीचे आकडे इथं क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारतात, ते तुम्हाला माहीतच आहे. त्यानं लिहिलं:

इशारा पातळी 39 फूट
धोका पातळी 43 फूट
पप्पांची पातळी कुणी सांगत नाही

मी काय करायचं? चांगलं लिहिलंस म्हणू? आईला बोलावू? मी फक्त 'मग?' म्हटलं. तो थोडा वेळ बसला आणि खाली लिहिलं, 'आम्ही आवाजावरनं ओळखतो.' एवढंच. वही घडी घालून दप्तरात. नंतर दोन आठवडे मी त्याला वर्ग संपल्यावर त्याच्या बोळापर्यंत सोडायला गेले, काही विचारलं नाही, तोच बोलला जेवढं बोलायचं तेवढं, आणि त्यातलं इथं लिहिणार नाही.

म्हणूनच तुमचा दुसरा प्रश्न, 'वही दाखवा की जरा', त्यालाही माझं उत्तर नाही असंच आहे. पोरानं स्वतः दाखवली तर बघा. आणि बघितली तर लगेच स्टेटसला टाकू नका हो. एका वडिलांनी कौतुकानंच टाकलं होतं, पोरगं महिनाभर सणावारांवर लिहीत होतं.

राहिले मार्क. दहावीला प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यातलं एक लिहायचं, 8 मार्कांचं, आणि त्याचे मार्क कसे पडतात ते मलाही कळतं. म्हणून पोरांना सरळ सांगते, पेपरात गेले लिही, इथं गेलो लिही, दोन्ही तुझंच आहे, चप्पल कुठली घालायची ते कुठं जायचंय त्यावर. पोरं हे आपल्यापेक्षा पटकन शिकतात, शाळेत एक, घरात एक, मोबाईलवर तिसरंच बोलतातच की ती. दोन वर्षं टिकलेल्यांचे निबंध शाळेत बरे जातात असं त्यांच्याच बाई सांगतात, पण त्यातलं माझं किती आणि त्यांचं वय वाढल्याचं किती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, त्यामुळं मार्कांसाठी पाठवायचं असेल तर नका पाठवू.

त्या आठवीतल्या पोरीचं विचाराल तर ती मला मागच्या दिवाळीत महाद्वार रोडला दिसली. बारावीला आहे. हसली, मी विचारलं, लिहितेस का गं? म्हणाली, 'नाही ताई, आता सायन्सला आहे मी.' पुढं गर्दीनं आम्हाला दोन बाजूंना ढकललं.

मार्चमध्ये पोरांचं पुस्तक काढलं, दोन फॉर्म (सोळा पानांचा एक), बत्तीस पानं, लग्नसराईचं काम संपवून रात्री बसून लावलं. पान अकरावर एक पोरगी 'मी दळण घेऊन आलो' म्हणते, ते तसंच आहे. एक प्रत शाळेत नेऊन दिली तर तिथल्या बाईंनी उभ्या उभ्या चाळली, अकराव्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, 'प्रेसमध्ये असून प्रूफ बघत नाही काय हो तुम्ही?'

म्हटलं, 'बघतो की. रोज तेच तर करतो.'