घमेल्यातले पाणी

मिरज, गुरुवार, 17 एप्रिल 2025. रात्रीचे साडेदहा.

आज पवित्र गुरुवार, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा दिवस. संध्याकाळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतले आणि या वर्षी त्यांत माझेही नाव होते. माझी पाळी येईपर्यंत मी इतरांच्या पायांकडे पाहत होते आणि एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. आम्ही सगळे घरूनच पाय धुऊन आलो होतो. मी स्वतः दुपारी वज्रीने टाचा घासून, नखे कापून ठेवली होती, म्हणजे जे पाय धुतले जाणार ते आधीच निर्मळ असावेत याची काळजी आम्हा बाराही जणांनी घेतली होती. येशूने शिष्यांबरोबर ते भोजन घेतले त्या माडीवरच्या खोलीत असे नव्हते. तिथे बारा शिष्यांच्या पायांवर यरुशलेमच्या रस्त्याची धूळ होती, पाय धुणे हे घरच्या दासाचे काम होते, आणि त्या कामासाठी बारांपैकी एकही जण उठला नव्हता. प्रभू येशू स्वतः उठला, त्याने कमरेला रुमाल गुंडाळला, तेव्हा त्यांतल्या पेत्राने पाय मागे घेतले. आजवर ही कथा ऐकताना मी पेत्राचा तो नकार नम्रतेचा समजत आले. तो नम्रतेचा नव्हता असे मला आता वाटते, कारण महिन्यापूर्वी मीही तसेच पाय मागे घेतले.

हे आज लिहून ठेवायचे आहे.

2021 साली मी शाळेतून निवृत्त झाले. चौतीस वर्षे घंटेच्या ठोक्यावर चालणारा दिवस एकाएकी माझ्याच हाती आला आणि पुढच्या वर्षी हे गेल्यावर तर तो फारच लांब वाटू लागला. मुले पुण्यात. प्रार्थनेत मी रोज म्हणत असे की प्रभू, मला तुझ्या सेवेसाठी वापर. पण त्या शब्दांमागे रिकाम्या सकाळींची भीती अधिक होती, हे आज कबूल केले पाहिजे. 2024 च्या जानेवारीत आमच्या महिला मंडळाने कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या लोकांच्या वसाहतीत दर गुरुवारी जायचे ठरवले, तेव्हा पहिले नाव मी दिले. आई इथल्या मिशन दवाखान्यात परिचारिका होती. 1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी सुरू केलेल्या या दवाखान्याच्या कितीतरी गोष्टी तिच्या तोंडून ऐकत मी वाढले. त्यामुळे हे काम आपल्या रक्तातच आहे, असा मला विश्वास होता.

काम साधे आहे, पण ते नीट समजून करावे लागते. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो आणि हातापायांची संवेदना नाहीशी करतो. बोटे रोगाने झडतात हा समज खोटा आहे. काटा रुतला, खडा टोचला, चुलीचा चटका बसला, तरी ते कळत नाही. माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि मग बोटे जातात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास हे ध्यानात आणून दिले आणि वाकडे झालेले हात शस्त्रक्रियेने पुन्हा कामाला लावून दाखवले. वेदना हे देवाने दिलेले दान आहे, असे ते सांगत. वसाहतीत गेल्यावर त्या म्हणण्याचा अर्थ पायाच्या तळव्यावर दिसतो.

म्हणून दर गुरुवारी आम्ही घमेली मांडतो. पाणी साधेच घ्यायचे आणि ते फार गरम नाही ना हे आपल्या हाताने पाहायचे, कारण ज्याचे पाय त्याला ते कळणार नसते. वीस-पंचवीस मिनिटे पाय बुडवून ठेवले की घट्टे मऊ पडतात. मग वज्रीने ते हलक्या हाताने घासायचे, ओल्या पायावरच खोबरेल चोळायचे म्हणजे ओलावा आत टिकतो आणि भेगा पडत नाहीत, आणि शेवटी तळवा वर करून बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत निरखून पाहायचे, कुठे लाली आहे का, कुठे फोड आहे का, कुठे काही रुतले आहे का. जखम असेल तर त्या पायाला विश्रांती, आणि एरवी घरातसुद्धा मऊ रबराच्या तळाच्या चपलांशिवाय पाऊल टाकायचे नाही.

वसाहतीत एक आक्का आहेत. अथणीकडच्या. सत्तरीच्या पुढच्या. हाताची बोटे आत वळलेली, डाव्या पायाची दोन बोटे गेलेली. तरुणपणी अंगावर चट्टा दिसला तेव्हा नवऱ्याने घराबाहेर काढले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात 2019 पर्यंत होते, हे मला त्यांच्या बोलण्यानंतर शोधून वाचावे लागले. दवाखान्यात राहत असतानाच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे तीन औषधांचा उपचार आला, तो दोन वर्षे घेऊन त्या पूर्ण बऱ्या झाल्या, त्यालाही आता तीस वर्षे होऊन गेली. उपचार सुरू होताच रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती संपते, हे मी आठवीच्या मुलांना दर वर्षी शिकवत होते आणि उत्तरपत्रिकेत त्याला गुणही देत होते.

आणि तरीही मी आक्कांच्या घरचा चहा घेत नव्हते.

पहिल्या गुरुवारी त्यांनी चहा पुढे केला तेव्हा मी म्हणाले, आत्ताच घेऊन आले. दुसऱ्या वेळी आणखी काही कारण सांगितले. मग राखेचा बुधवार आला आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला, तशी माझी सोय झाली. उपवास आहे, असे मी सांगू लागले. घरी मी चहा सोडलेला नव्हता. प्रभूच्या दुःखसहनाच्या काळाचे नाव पुढे करून मी एका म्हातारीच्या कपाला नकार देत होते आणि त्याच वेळी तिचे पाय धुऊन घरी परतताना मनात तृप्तीही असे. किती जणांचे पाय झाले, कोणाची जखम भरली, हे मी एका वहीत लिहीत असे. ती वही मी मंडळाच्या सभेत वाचूनही दाखवली. ईस्टर होऊन महिना उलटल्यावर आक्का एकदा शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमचा उपास लई लांबला." मी मान खाली घालून टाच घासत राहिले. त्या दिवशीही मी चहा घेतला नाही.

या मार्चमधला तो गुरुवार फार तापलेला होता. घमेली रिकामी करून उठताना मला घेरी आली. बायकांनी मला आक्कांच्या ओसरीवर निजवले. जरा भान आले तेव्हा पायांना गार पाणी लागत होते. आक्का माझ्या पायांशी बसल्या होत्या. त्यांनी काशाची वाटी आणली होती, उष्णता उतरावी म्हणून ती तळव्यांना चोळायची होती. बोटे मिटत नसल्यामुळे वाटी दोन्ही तळहातांमध्ये दाबून धरून त्या माझा तळवा घासत होत्या. मी पाय ओढून घेतले. "नको, आक्का, तुम्ही नको," असे म्हणाले. शब्द आदराचेच होते. पण आक्कांनी वाटी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि त्या आत गेल्या. पुढच्या गुरुवारी त्यांच्या नावाचे घमेले तसेच राहिले. त्या बाहेर आल्याच नाहीत.

त्या आठवड्यात मी पाय धुण्याची ही कथा सांगणारा, बायबलमधला योहानाचा तेरावा अध्याय किती वेळा वाचला ते मोजले नाही. मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, असे प्रभू पेत्राला सांगतो. हा वाटा देण्यात नाही, घेण्यात आहे, हे इतकी वर्षे मंडळीत बसून मला दिसले नव्हते. मला नेहमी रुमाल बांधणाऱ्याच्या जागी उभे राहायचे होते. त्या जागेवरून कोणाचे काही घ्यावे लागत नाही.

नंतरच्या गुरुवारी मी घमेली मांडण्याआधी आक्कांच्या दारात जाऊन बसले आणि चहा मागितला. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग स्टोव्ह पेटला. चहा गुळाचा होता आणि तो पिताना मला रडू येत होते. मी उपवासाचे खोटे कबूल केले, कारण तेवढे न सांगता तो कप रिकामा करणे मला शक्य नव्हते. तेव्हा आक्कांनी एक जुनी गोष्ट सांगितली. बाप्तिस्मा होऊन थोडे दिवस झाले होते, एका गावच्या मंडळीत त्या प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीला, बसल्या होत्या, भाकर मिळाली, पण प्याला त्यांच्या शेजारणीपर्यंत आला आणि तिथूनच मागे फिरला. त्यानंतर त्या उपासनेला गेल्या त्या बाहेरच्या झाडाखाली बसायला, आणि पुढे तेही सुटले. प्रार्थना घरी करतात. गीते पाठ आहेत. ही गोष्ट त्यांनी मला सव्वा वर्षाने सांगितली, आणि मी चहा नाकारत राहिले असते तर ती कधीच सांगितली नसती.

त्या दिवशी घरी परतताना जे वाटले त्याला मी आनंद म्हणते. पूर्वीच्या गुरुवारची ती तृप्ती वेगळी होती. ती घरी पोचेपर्यंत टिकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वहीत शोधावी लागायची. हा आनंद कामाच्या हिशेबातून आलेला नव्हता. उलट आपल्याकडे द्यायला काही नसताना आपल्याला कोणीतरी जवळ बसवून घेतले, याचा तो होता. वही मी तेव्हापासून फक्त जखमांच्या नोंदीसाठी ठेवली आहे.

शिमोनाच्या, म्हणजे पेत्राच्या, सासूचा ताप येशूने उतरवला आणि ती उठून त्यांची सेवा करू लागली, एवढेच मार्काने आपल्या शुभवर्तमानात तिच्याविषयी लिहिले आहे. ते मला पूर्वी थोडे खटकायचे. आजारातून उठलेल्या बाईला लगेच कामाला का लावावे, असे वाटायचे. आता वाटते की प्रभूने तिला नुसते बरे केले नाही, त्याने तिच्या हातचे घेतलेही. केडगावच्या मुक्ती सदनाची आठवण मला याच कारणाने वारंवार होते. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली उचलून आणल्या, त्यांना अन्न आणि आसरा दिला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. रमाबाई 1922 साली गेल्या आणि तो ग्रंथ 1924 साली बाहेर आला. ज्यांना वाचवले त्यांच्याकडूनच रमाबाईंनी आपल्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम करून घेतले. त्यांना नुसते घेणारे ठेवले नाही. आईसुद्धा वॉर्डातल्या बऱ्या होत आलेल्या बायकांना पट्ट्या गुंडाळायला बसवत असे. ती हे कामाच्या ओझ्यामुळे करते, असे मला लहानपणी वाटायचे.

आता आजचे. दुपारी वसाहतीत जाऊन आले. आक्कांच्या चपलांचे तळ झिजले आहेत, म्हणून नव्यासाठी कागदावर पावलाचे माप काढून आणले. डाव्या पायाची रेघ दोन बोटांच्या जागी आत वळते. चपला तयार व्हायला वेळ लागेल, तोवर जुन्यांतच कापडाची घडी घातली आहे. माप घेताना मी त्यांना म्हटले, रविवारी पुनरुत्थानाच्या पहाटेच्या उपासनेला माझ्याबरोबर चला. त्यांनी पहिल्यांदा हातांकडे पाहिले, मग पायांकडे. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या मेजाकडे जाताना चपला बाकाखाली काढून ठेवायची रीत आहे, आणि त्यांनी अनवाणी एक पाऊलही टाकता कामा नये. जळत्या झुडपापाशी, ती जागा पवित्र म्हणून, देवाने मोशेला जोडे काढायला सांगितले होते, हे त्यांना माहीत आहे. तेच त्यांनी मला ऐकवले.

पाय धुण्याचा विधी झाल्यावर मी पाळकसाहेबांना हे सांगितले. त्यांच्या हातात तेव्हा ओला पंचाच होता. ते म्हणाले, आक्का चपला घालूनच मेजापर्यंत येतील आणि प्याला पहिल्यांदा त्यांना दिला जाईल. पहिल्यांदा देऊ नका, असे मी म्हणाले. सगळ्यांच्या नजरा वळतील. ओळीत जिथे बसतील तिथेच द्या, माझ्या आधी किंवा माझ्यानंतर, एवढेच पुरे आहे. त्यांनी ते मान्य केले.

रविवारी पहाटे चार वाजता रिक्षा सांगितली आहे. निघण्याआधी चहा आपल्याकडेच घ्यायचा, असे आक्कांनी बजावले आहे.