यासेनोवत्स: दगडी फूल आणि तीन शब्द

झाग्रेबहून नोव्स्काकडे जाणाऱ्या गाडीत बसले तेव्हा एप्रिल संपत आला होता. सावा नदीकाठची कुरणे पुराच्या पाण्याखाली होती आणि विजेच्या खांबांवर करकोच्यांनी घरटी थाटली होती. मला यासेनोवत्सला जायचे होते. झाग्रेबपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या या लहानशा गावात ऑगस्ट 1941 ते एप्रिल 1945 या काळात उस्ताशा या क्रोएशियन फॅसिस्ट संघटनेच्या राजवटीची छळछावणी होती.

10 एप्रिल 1941 रोजी हिटलर आणि मुसोलिनी यांच्या आश्रयाने ‘स्वतंत्र क्रोएशिया’ची घोषणा झाली आणि उस्ताशांचा नेता आन्ते पावेलिच त्याचा सर्वसत्ताधीश झाला. सर्ब, ज्यू आणि रोमा (जिप्सी) यांना त्या राज्यात स्थान नव्हते. यासेनोवत्सची छावणी जर्मनांनी नव्हे, तर उस्ताशांनी स्वतः उभारली आणि स्वतःच चालवली. माघार घेताना त्यांनी ती जमीनदोस्त केली, त्यामुळे आज तिथे पाहण्यासारखी एकही बराक उरलेली नाही. मोकळे हिरवे मैदान आहे, इमारतींच्या जागा दाखवणारे मातीचे उंचवटे आहेत आणि मधोमध बोग्दान बोग्दानोविच यांनी घडवलेले, 1966 मध्ये खुले झालेले चोवीस मीटर उंचीचे काँक्रीटचे फूल आहे. लोक त्याला ‘दगडी फूल’च म्हणतात. त्याच्याकडे जाणारी वाट रेल्वेच्या जुन्या स्लीपरांची आहे. एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पाऊल टाकताना चाल आपोआप मंदावते, आणि या रुळांवरून इथे कोण आणले गेले, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. फुलाच्या तळघरात इव्हान गोरान कोवाचिच यांच्या कवितेच्या ओळी कोरल्या आहेत. उस्ताशांच्या अत्याचारांवर लिहिणारा हा कवी क्रोएशियन होता आणि 1943 मध्ये त्याचा खून केला तो सर्ब राष्ट्रवादी चेटनिकांनी. त्या ओळींसमोर उभे राहिल्यावर कोणत्याही एका बाजूचा झेंडा हाती धरण्याची इच्छा उरत नाही.

संग्रहालयात छताखाली काचेच्या तावदानांवर मृतांची नावे आहेत. आतापर्यंत 83,145 जणांची नावानिशी नोंद झाली आहे. त्यांत 47,627 सर्ब, 16,173 रोमा आणि 13,116 ज्यू आहेत. चौदा वर्षांखालील मुलेच वीस हजारांहून अधिक आहेत.

मी इथवर आले होते ती मात्र आजच्या एका प्रश्नापायी. ‘झा दोम स्प्रेमनी’, म्हणजे ‘मायभूमीसाठी सज्ज’, हे तीन शब्द उस्ताशांचे अधिकृत अभिवादन होते. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये याच गावात, स्मारकापासून थोड्याच अंतरावर, हे शब्द असलेली एक पाटी लावली गेली. ती क्रोएशियाच्या स्वातंत्र्यासाठी 1991 मध्ये सुरू झालेल्या युद्धात या परिसरात मारल्या गेलेल्या अकरा सैनिकांच्या स्मरणार्थ होती. ते ‘होस’ नावाच्या स्वयंसेवक दलाचे होते आणि त्या दलाच्या बोधचिन्हातच ही घोषणा होती. ज्यू आणि सर्ब संघटनांनी सरकारी स्मृतिदिनाच्या कार्यक्रमावर काही वर्षे बहिष्कार टाकला. 2017 च्या सप्टेंबरमध्ये पाटी तिथून काढून नोव्स्काजवळ बसवण्यात आली. ती नष्ट मात्र झाली नाही. 2018 मध्ये सरकारने नेमलेल्या मंडळाने सांगितले की ही घोषणा राज्यघटनेशी विसंगत आहे, पण होसच्या शहिदांच्या स्मृतिकार्यक्रमांत अपवाद म्हणून ती चालू शकेल. निषेध आणि सवलत एकाच अहवालात नांदली.

परतताना मला टॅक्सी मिळाली. चालक साठीच्या आसपासचे होते आणि 1991 मध्ये ते स्वतः लढले होते. मी विनंती केल्यावर त्यांनी वाट वाकडी करून मला त्या पाटीपाशी नेले. पाटीखाली लाल काचेचे दिवे होते, मृतांसाठी तिकडे सर्रास लावतात तसे. त्यांतला एक वाऱ्याने कलंडला होता. त्यांनी वाकून तो उचलला, काचेवरची माती अंगठ्याने पुसली आणि पुन्हा नीट उभा केला. मग ते म्हणाले, “आमच्यासाठी या शब्दांचा 1941 शी काही संबंध नाही. माझे मित्र हे शब्द छातीवर लावून गेले.”

त्यांचे दुःख खरे होते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मला वाटते, जुने कलंकित चिन्ह परत येते ते असेच, एखाद्या खऱ्या दुःखाचा हात धरून. महायुद्धानंतर क्रोएशिया कम्युनिस्ट युगोस्लाव्हियाचा भाग असताना उस्ताशांविषयी बोलायचे ते सरकारने ठरवलेल्या शब्दांतच. यासेनोवत्सच्या बळींचा सात लाखांचा आकडा तेव्हा अधिकृत होता, आणि तो फुगवलेला आहे हे कळल्यावर अनेकांनी खऱ्या आकड्यावरचाही विश्वास सोडला. दरम्यान परदेशी पळालेल्यांनी ती चिन्हे अर्जेंटिना, कॅनडा, ऑस्ट्रेलियात जपून ठेवली. 1991 मध्ये गावांवर तोफगोळे पडू लागले, तेव्हा घाबरलेल्या तरुणांच्या हाती तयार असलेले चिन्ह तेच होते.

समर्थनाची दुसरी वाट पुरातनत्वाची. ‘झा दोम’ हे शब्द एकोणिसाव्या शतकापासून देशभक्तीच्या गीतांत आहेत, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. नोव्हेंबर 2013 मध्ये विश्वचषकाची पात्रता मिळाल्यावर फुटबॉलपटू योसिप शिमुनिच यांनी झाग्रेबच्या मैदानावर प्रेक्षकांकडून ही घोषणा वदवून घेतली, तेव्हा त्यांनीही मातृभूमीवरच्या प्रेमाचेच कारण दिले. फिफाने त्यांच्यावर दहा सामन्यांची बंदी घातली आणि त्यांचा विश्वचषक हुकला.

माझ्या चालकांनीही पुढे हाच मुद्दा काढला, तोही थेट माझ्या दारात आणून. “तुमच्या देशात तर घराघरांवर स्वस्तिक असते ना?” मी त्यांना सांगितले की असते, माझी आई आजही दिवाळीत उंबऱ्याशी कुंकवाने ते काढते. हिटलरच्या आधी, त्याच्या काळात आणि त्याच्यानंतर ते आमच्या उंबऱ्यावरून कधी हटलेच नाही, आणि नाझींशी त्याची गाठ आमच्याकडे कधी पडली नाही. या तीन शब्दांचे तसे नाही. ‘झा दोम’ जुने असेल, पण हे अभिवादन पूर्ण रूपात रूढ केले ते उस्ताशांनीच, आणि होसकडे आले ते त्यांच्याकडूनच. मधली चार वर्षे वगळून त्याच्या मुळाशी जाता येत नाही. शेजारच्या सर्बियातही काही वेगळे चाललेले नाही. तिथे चेटनिकांचा सेनापती द्राझा मिहाइलोविच याची शिक्षा न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केली आणि त्याचे चित्र असलेले कपडे उघडपणे घातले जातात. दोन्हीकडे युक्तिवाद एकच असतो: आमचे चिन्ह प्रेमाचे, तुमचे द्वेषाचे.

स्टेशन जवळ आल्यावर मी त्यांना विचारले की तुम्ही त्या फुलापाशी कधी गेला आहात का. शाळेच्या सहलीत एकदा, असे ते म्हणाले. रांगेत उभे करून भाषण ऐकवले होते, त्यातले आकडे तेवढे आठवतात. नंतर कधीच नाही. मग त्यांनी विचारले, आत आता काय आहे? मी नावांच्या तावदानांविषयी सांगितले.

“सर्बांचीच ना?”

“जास्त सर्बांची. पण चार हजारांहून अधिक क्रोएशियनांचीही आहेत. उस्ताशांना विरोध करणाऱ्यांची.”

त्यांनी गाडी स्टेशनासमोर थांबवली, इंजिन बंद केले आणि बराच वेळ दोन्ही हात चाकावर तसेच ठेवले. मग विचारले, “ती नावे आडनावाप्रमाणे लावली आहेत का? शोधता येतात?” संग्रहालयाने सगळी यादी इंटरनेटवर ठेवली आहे, असे सांगून मी त्यांच्या पावतीच्या मागच्या बाजूला पत्ता लिहून दिला. त्यांनी तो कागद चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.