आठ बॅकस्पेस, नऊ बॅकस्पेस

कऱ्हाडमध्ये बसस्टँडजवळ माझं ई-सेवा केंद्र आहे. एक नवा कॉम्प्युटर, एक जुना, प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र आणि बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं. दिवसातून दहा वेळा मी "सर्व्हर डाऊन आहे" असं म्हणतो. त्यातल्या आठ वेळा ते खरं असतं.

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. सकाळी शटर वर करतो तोच कुऱ्हाडे आजी दारात. (आडनाव बदललंय, पण सगळं रामायण आडनावातल्या एका अक्षराचं असल्यामुळे तेच अक्षर असलेलं घेतलंय.) एका योजनेचे त्यांचे पैसे दोन महिन्यांपासून थांबले होते. पोर्टल नवीन झालं होतं आणि जुन्या प्रत्येक लाभार्थ्याने त्यावर स्वतःची ओळख पुन्हा पटवून द्यायची होती. आजी दोन वेळा दुसऱ्या केंद्रात जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं होतं: नाव जुळत नाही.

"आरं बाळा, सत्तर वरसं ह्याच नावानं जगले, आन ह्यो म्हनतोय जुळत न्हाय."

"बसा आजी, बघतो."

आधी जन्मतारीख. १ जून १९५१. आपल्याकडे या पिढीतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो, ही शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींची कृपा. तारखेच्या चौकटीत टाइप करता येत नव्हतं. कॅलेंडर उघडायचं आणि डाव्या बाणाने एकेक महिना मागे जायचं. डिसेंबर २०२४ पासून जून १९५१ पर्यंत ८८२ क्लिक होतात. वरच्या महिन्याच्या नावावर क्लिक केलं की वर्षांची यादी उघडते, हे मला ते पोर्टल वापरायला लागून बरेच दिवस झाल्यावर चुकून कळलं. ते नाव बटणासारखं दिसतच नाही. बाकावरच्या कुणाला घरी मोबाईलवर हा फॉर्म भरता येईल, असं ज्याला वाटलं त्याने आपल्या आजीला एकदा तरी समोर बसवायला हवं होतं.

मग नाव. आधार, रेशनकार्ड, जुनी पावती, सगळीकडे 'कुऱ्हाडे'. मी तेच टाइप केलं. लाल अक्षरांत उत्तर आलं: "प्रविष्ट केलेले नाव नोंदीशी जुळत नाही. कृपया वैध नाव प्रविष्ट करा."

वैध नाव! आजींना वाचून दाखवायचा धीर झाला नाही.

गंमत अशी की आधीच्या पानावर त्याच पोर्टलने त्यांचं नाव छापून दाखवलं होतं. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखी. तिथून कॉपी करावं म्हटलं तर उजवं क्लिक बंद. नावाच्या चौकटीत पेस्टही बंद. सुरक्षिततेसाठी, म्हणे. अक्षर अक्षर ताडून पुन्हा टाइप केलं. पुन्हा लाल. खाली बारीक अक्षरांत: एक प्रयत्न शिल्लक, त्यानंतर २४ तास खातं बंद. एवढ्यात दहा मिनिटं संपली आणि मी आपोआप बाहेर फेकला गेलो. परत ओटीपी. ओटीपी आजींच्या मुलाच्या मोबाईलवर आणि मुलगा उसाच्या ट्रॅक्टरवर.

तो फोन उचलेपर्यंत मी चहा मागवला आणि जुनी पावती उलटीपालटी करत बसलो. खाली शिक्का माझ्याच केंद्राचा. सन २०१६. म्हणजे ही नोंद मीच केली होती!

तेव्हा मी कशावर टाइप करायचो? कोपऱ्यात पडलेल्या त्या जुन्या डबड्यावर, फोनेटिक कीबोर्डने: इंग्रजी अक्षरं दाबायची, मराठी उमटायचं. पुढे टायपिंगची परीक्षा दिली आणि इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर, आलो. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग पायमोड, मग ह. जुन्या कीबोर्डवर हे कसं उमटायचं ते आठवेना, पण बोटांना आठवत होतं. प्लास्टिकचं कव्हर काढून डबडं चालू केलं, वर्डपॅडमध्ये आडनाव लिहिलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि नव्या मशिनवर दोन्ही नावं एकाखाली एक ठेवली. काही फरक नाही. रफारासारखी तीच आडवी रेघ.

मग सहज बॅकस्पेस मारत गेलो. आज टाइप केलेलं आडनाव आठ बॅकस्पेसमध्ये पुसलं गेलं. जुन्याला नऊ लागले.

एक अक्षर जास्त होतं आणि ते दिसत नव्हतं.

रात्री घरी शोधत बसलो तेव्हा त्याचा उलगडा झाला. कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं जागतिक मानक म्हणजे युनिकोड, आणि त्यातली देवनागरी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावर बेतलेली आहे. त्यात नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ मुळात दक्षिणेकडच्या भाषांतला एक उच्चार देवनागरीत लिहिण्यासाठी. त्याचा अर्धा आकार आपल्या 'ऱ्या'साठी वापरायचा, असं ठरलं. पण युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतली जुनी पद्धतही चालू ठेवली: साधा र, पायमोड आणि 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं एक चिन्ह, ज्याला रुंदीच नाही. दोन्ही वाटांनी कागदावर एकच अक्षर उमटतं. दोन नावं ताडून बघण्याआधी ती एका साच्यात आणणं हे प्रोग्रॅमरसाठी दोन-चार ओळींचं काम. पण ते सुचायला 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यांत काय फरक आहे हे माहीत असलेलं कुणीतरी तिथे हवं.

हे सगळं रात्री. दुपारी एवढंच कळलं होतं की नऊवालं नाव त्या चौकटीत गेलं पाहिजे, आणि पेस्टला कुलूप आहे. माउसने नाव निवडलं, धरलं आणि वर्डपॅडमधून ओढत नेऊन चौकटीत सोडलं. बसलं! कॉपी-पेस्टची दारं बंद करणारा खिडकी विसरला होता. ओटीपी आला, शेवटचा प्रयत्न होता, 'सादर करा' दाबताना मी श्वास धरला होता.

हिरवं. "आपली ओळख यशस्वीरीत्या पडताळली गेली आहे."

"झालं आजी."

"झालं? मग आधी काय चुकत हुतं?"

काय सांगणार? "आजी, तुमच्या नावात एक अक्षर आहे, ते दिसत नाही. ते मीच घातलं होतं, आठ वर्षांपूर्वी."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. बाकावरचे दोघं हसायला लागले. आजींनी पावती घडी करून पिशवीत ठेवली, पिशवीला गाठ मारली आणि विचारलं, "फुडच्या वरसाला परत ह्योच घोळ हाय का?"

"बहुतेक. येताना ही पावती आणा."

पायरी उतरता उतरता त्या थांबल्या आणि कोपऱ्यातल्या डबड्याकडे बोट केलं. "आन त्यो जुना कंप्युटर इकू नगंस."