बिनरीडची क्लॅरिनेट

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं. शाळेबद्दल लिहायचं म्हणजे मला बँडच्या सरांबद्दलच लिहिता येईल. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

सर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडात होते. तिथून निवृत्त होऊन आले आणि चित्रकलेच्या वर्गामागच्या खोलीत आमचा बँड उभा केला. माझी बोटं लांब, एवढ्याच कारणावरून त्यांनी मला क्लॅरिनेट दिली. बासरीत जोर लावला की तोच सूर वरच्या सप्तकात बोलतो. हिचं तसं नाही. ही एकदम वरच्या सप्तकातल्या पंचमावर उडी घेते, म्हणून खाली-वर बोटं वेगवेगळी. हे सरांनी तोंडी सांगितलंच नाही, वाजवून दाखवलं.

आता तो प्रसंग. पंधरा ऑगस्टच्या कवायतीला एका मार्चच्या धूनमध्ये क्लॅरिनेटना चार-चार मात्रांचे सोळा समूह गप्प राहायचं होतं. आम्ही पोरं दहाव्या-अकराव्यालाच तोंड घालायचो. सरांनी आवाज चढवला नाही. माझ्याजवळ आले, पट्टीचा स्क्रू सैल केला, तिने धरून ठेवलेली रीड (फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी पातळ चीप) काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "आता वाजव." रीड नसल्यावर काय वाजणार! तो आठवडाभर मी बिनरीडची क्लॅरिनेट घेऊन रांगेत उभा राहिलो. "एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार" असं पुटपुटत मोजायचं आणि सोळा संपले की वाद्य ओठाला लावायचं. ढोलवाले हसायचे. आदल्या संध्याकाळी सरांनी रीड परत दिली, तीही ब्लेडने तासून मऊ केलेली. गावात तेव्हा नवी रीड मिळायची नाही.

मी आता न्यू जर्सीत असतो, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. दर मंगळवारी रात्री इथल्या हौशी ऑर्केस्ट्रात वाजवतो. दाताचे डॉक्टर, निवृत्त पोस्टमन, शाळेतल्या बाई, सगळे पदरची वर्गणी भरून येतात आणि खुर्च्याही स्वतःच मांडतात. ओबो हे फुंकवाद्य वाजवणाऱ्या आजी 'ए' हा सूर देतात, त्यावर सगळे सूर जुळवतात. लोकांना वाटतं आम्ही दोन तास वाजवतो. छे! निम्मा वेळ मोजण्यातच जातो. द्वोर्झाक या संगीतकाराच्या नवव्या सिंफनीत, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेत, झांजवाल्याला अख्ख्या चार भागांत एकच ठोका आहे, त्या मानाने आमचं बरं चाललंय.

यंदा संगीतकार शूबर्टची 'अपूर्ण' सिंफनी केली. 1822 साली लिहायला घेतलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर 37 वर्षांनी, 1865 मध्ये व्हिएन्नात प्रथम ऐकली गेलेली. दुसऱ्या भागात बाकी सगळे थांबतात, एकटी व्हायोलिनं हळूच एक वाट काढतात आणि मग क्लॅरिनेटचा लांबलचक एकल तुकडा येतो, अगदी दबक्या आवाजात. इथल्या थंडीत गप्प बसलेली क्लॅरिनेट गार होते आणि सूर उतरतो, म्हणून मोजता मोजता आवाज न करता आत ऊब फुंकत राहायचं. मोजणी मी अजून मराठीतच करतो. शेजारची मुलगी संगीताची पदवीधर आहे, पण विसावा लांब असला की तीही माझ्या ओठांकडे बघून शिरते. गेल्या वर्षीपासून पहिली खुर्ची, म्हणजे मुख्य क्लॅरिनेटवाल्याची जागा, माझ्याकडे आहे, हे सरांना सांगायचं राहून गेलं.

मागच्या खेपेला झेंडावंदनाला आलो होतो. मार्च स्पीकरवर लावला होता. बँडची खोली आता संगणक कक्ष झाली आहे. संगणक हवेतच, मी कोण बोलणार. पण वाद्यं पायऱ्यांखालच्या कपाटात बंद आहेत म्हणे. लाकूड वर्षानुवर्षं तसंच पडलं तर तडकतं, भोकं झाकणाऱ्या पॅडांमधून हवा गळते. डिसेंबरात समारंभाला येताना रीडच्या पेट्या, पॅड आणि कॉर्कचं ग्रीस घेऊन येतोय. त्या कपाटाची किल्ली कार्यालयात कुणाकडे असते, एवढं समितीने कळवावं.