तुम्ही विचारलंत म्हणून: ती पट्टी पडीक का आहे

लग्नात भेटा, तेरवीला भेटा, प्रश्न ठरलेला. "कुही फाट्याकडचं तुमचं ते विमानाचं वावर पडूनच आहे ना? लेआउट का नाही पाडत?" उडण्याची आवड असलेले विचारतात, "पुन्हा सुरू का नाही करत?" दोघांनाही मी आजवर एकच उत्तर दिलं: परवानगी मिळत नाही.

मायक्रोलाइटला, म्हणजे एक-दोन माणसांच्या हलक्या विमानाला, कागद खूप लागतात, त्यात नागपूरचं सोनेगाव विमानतळ जवळ, त्यामुळे लोकांना ते पटायचं. पण आमची धावपट्टी कागदांमुळे बंद पडली नाही. कागद होते आमच्याकडे.

ऑक्टोबर होता, कोजागिरीच्या मागचापुढचा. परतीचा पाऊस होऊन चार दिवस झालेले, ऊन कडक. तीनशे मीटर लांब, वीस मीटर रुंद, म्हणजे जेमतेम दीड एकर हरळी. पाऊस झाला की सकाळी पट्टीवर चालत टाच रोवून बघायची, हे काम माझं. आपली काळी माती वरून साय धरते आणि आत लोण्यासारखी राहते, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. त्या दिवशी मी दोनशे पावलं गेलो आणि परतलो. गवत कापणारा गडी म्हणालाही, "भाऊ, धुऱ्याकडं अजून पाय फसते जी." मी म्हटलं, पार टोकाच्या बांधापर्यंत जातंय कोण, विमान त्याच्या कितीतरी आधी उचलतं.

मित्राने हेल्मेट चढवता चढवता विचारलं, "वाळली का रे?"

"वाळली."

उचललं आधीच. उतरताना मात्र तो लांब टेकला आणि घरंगळत धुऱ्यापर्यंत गेला. पुढचं चाक रुतलं, शेपूट वर आली आणि विमान सावकाश पालथं झालं. सावकाशच, मला थांब म्हणायला वेळ होता असं वाटतं. मी पोचलो तेव्हा इंजिन बंद होतं, पेट्रोल गवतावर ठिबकत होतं आणि तापलेला सायलेन्सर टिक टिक वाजत होता. तो पट्ट्यात उलटा लटकलेला. अंगाचा सगळा भार पट्ट्यावर, त्यामुळे बकल सुटेना. मी खाली गुडघे टेकले, त्याचे खांदे पाठीवर घेतले, गड्याने बकल दाबलं. पेट्रोलच्या त्या वासात किती वेळ गेला, सांगता येणार नाही. त्याचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही.

दवाखान्यात तो म्हणाला, "मीच लांब उतरलो." या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं काढली. लांब उतरला, खरं आहे. तीनशे मीटरच्या पट्टीवर पहिल्या शंभरात टेकायचं किंवा पुन्हा उठायचं, हेही खरं, आणि हे मी त्याच्या बायकोसमोरसुद्धा बोललो. ते बोलायला नको होतं. कारण तो कसा उतरला, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मला विचारलं होतं, वाळली का. आणि मी उरलेली शंभर पावलं चाललो नव्हतो.

मग विकत का नाही? दलाल येऊन बसतात, भाव सांगतात, पोरं माझ्याकडे बघतात. मला त्या धुऱ्यावर कोणाचं स्वयंपाकघर झालेलं बघवणार नाही. हे कारण नाही, माहीत आहे मला. सुरू करायचं म्हटलं तर सकाळी टाच रोवायला दुसऱ्या कोणाला सांगू, आणि त्याच्या "वाळली"वर विश्वास कसा ठेवू?

मित्र दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा विंडसॉकच्या, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीच्या, खांबाला टेकून म्हणाला, "कुसळी फार माजली, कापून घे." मी कापून घेतली. काल संध्याकाळी टाच रोवत धुऱ्यापर्यंत गेलो. शेवटच्या वीस पावलांत अजून पाय फसतो.