यूट्यूबची फाईल वेगळी, वेबसाइटची वेगळी

एडिट संपलं की बरेच जण एकच एमपी4 काढतात आणि तीच यूट्यूबवर, तीच संस्थेच्या वेबसाइटवर चढवतात. घोळ इथेच होतो. यूट्यूब तुमची फाईल प्रेक्षकाला जशीच्या तशी दाखवत नाही. तिच्यावरून 1080, 720, 480 अशा आवृत्त्या स्वतः बनवतं. म्हणजे तिथे आपण देतो तो कच्चा माल. तो आधीच पिळलेला असेल, तर दुसऱ्या पिळण्यात उरलेसुरले बारकावेही जातात. वेबसाइटवर मात्र तीच फाईल थेट प्रेक्षकाच्या मोबाइलवर उतरते आणि त्याचा डेटा खाते.

यूट्यूबची शिफारस 1080पी, सेकंदाला 30 फ्रेम्ससाठी 8 एमबीपीएस बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे मेगाबिट) आणि 60 साठी 12 अशी आहे. आवाज एएसी फॉरमॅटमध्ये, 48 किलोहर्ट्झ, स्टिरिओला 384 केबीपीएस. 8 एमबीपीएसने दहा मिनिटांचे साधारण 600 एमबी होतात. नेट चांगलं असेल तर 16 द्या, फाईल दुप्पट झाली तरी चालेल.

विशेषतः मिरवणुकीच्या शूटिंगला कंजुषी नकोच. एन्कोडर (व्हिडिओ पिळून फाईल बनवणारा प्रोग्राम) आधीच्या फ्रेममधलं जे बदललं नाही ते पुन्हा साठवत नाही, बचत तिथेच होते. गुलाल उधळला की जवळजवळ सगळी फ्रेम बदलते, बिटरेट अपुरा पडतो आणि गुलालाचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. भाषणात मागची भिंत हलत नाही. तिथे 3-4 एमबीपीएसही पुरतात.

म्हणूनच वेबसाइटसाठी ठरावीक बिटरेट देऊ नका, ठरावीक दर्जा द्या. हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये एच.264 (एक्स264 हा एन्कोडर), आरएफ 22 (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला), प्रीसेट स्लो. 1080पी ला 20 ते 24 मधला आकडा ठीक असतो. आकडा सहाने उतरवला की फाईल ढोबळमानाने दुप्पट होते.

‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर टिक हवीच. एमपी4 ची अनुक्रमणिका एरवी फाईलच्या शेवटी लिहिली जाते. टिक केली की ती सुरुवातीला येते. नाहीतर काही सर्व्हरवर पूर्ण फाईल उतरेपर्यंत प्लेअर नुसता फिरत राहतो.

मोबाइलवरच्या शूटिंगचा फ्रेमरेट कमीजास्त होत असतो. असं फुटेज थेट टाइमलाइनवर घेतलं की काही एडिटरमध्ये पुढे पुढे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. ते एडिटच्या आधीच ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ने बदलून घ्या, आरएफ 16-18 ठेवून, एक्सपोर्टच्या वेळी हा दोष निघत नाही.

एचएलएस (व्हिडिओ छोट्या तुकड्यांत, नेटच्या वेगानुसार आवृत्ती बदलत पाठवणं) करणार असाल तर कीफ्रेमचं, म्हणजे आधीच्या फ्रेमवर न विसंबता पूर्ण साठवलेल्या फ्रेमचं, अंतर बघा. एक्स264 मध्ये ते मुळात जास्तीत जास्त 250 फ्रेम्स, म्हणजे 25 फ्रेमरेटला 10 सेकंद असतं. प्रत्येक तुकडा कीफ्रेमपासून सुरू व्हावा लागतो, त्यामुळे 6 सेकंदांचे तुकडे मागूनही ते वेडेवाकडे पडतात. दर 50 फ्रेम्सना कीफ्रेम सक्तीची करा. सगळ्या आवृत्त्यांत ती एकाच जागी आली, तरच नेट मंदावल्यावर प्लेअर 1080 वरून 480 वर न अडखळता उतरतो.