परवाना मिळाला, तरी पेटंटला विरोध कशासाठी?

एचआयव्हीच्या औषधांवर बोलून झाले की कोणीतरी हमखास विचारते: मूळ कंपनीनेच भारतीय उत्पादकांना औषध बनवण्याचा परवाना दिला आहे, औषध स्वस्त होणार आहे, मग तुमचा पेटंटला विरोध का? विरोधासाठी विरोध, असा त्यामागचा सूर मला लागतो, म्हणून एकदाचे लिहिते.

लेनाकापाविरचेच पाहा. वर्षातून दोनदा इंजेक्शन घेऊन संसर्ग टाळणाऱ्या या औषधासाठी मूळ कंपनी गिलियडने ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा उत्पादकांना १२० देशांपुरता परवाना दिला. त्यांत पुण्याची एम्क्युअरही आहे. अमेरिकेत वर्षाला २८ हजार डॉलरांहून महाग असलेले हे औषध सुमारे ४० डॉलरांत देण्याची घोषणाही झाली. मात्र ज्यांच्या नागरिकांवर चाचण्या झाल्या, ते ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू यादीत नाहीत, कारण यादी कंपनी ठरवते. भारतात पेटंट नसेल, तर असा देश स्वतःच्या कायद्याने सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना सरकारने दिलेली परवानगी, काढून आपल्याकडून औषध घेऊ शकतो. ब्राझीलने २००७ मध्ये एफाविरेन्झ हे एचआयव्हीचे औषध तसेच घेतले होते.

माझ्या या हट्टाचे मूळ २००४ च्या आधीचे आहे, जेव्हा सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळत नव्हती. सांगलीकडचे एक शेतमजूर जोडपे, दोघेही बाधित. तपासणीला येताना बाईंनी गोळ्यांचा डबा आणला होता आणि त्यातली प्रत्येक गोळी अडकित्त्याने अर्धी केलेली होती. पैसे एकाच्याच औषधापुरते होते. अर्ध्या मात्रेने विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, हे मी समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग बाई, कुणाची बंद करू?” पुढे नवऱ्याला ते औषध लागू पडेना, त्यानंतरचे दुसऱ्या फळीचे औषध सरकारी केंद्रांत २००८ पासून मिळू लागले, तोवर तो गेला होता.

त्या घरावर पेटंटने थेट घाला घातला नव्हता, हे मान्य करते. उलट १९७० च्या कायद्यात औषधाला उत्पादन-पेटंट (खुद्द औषधावरचे पेटंट) नव्हते, म्हणूनच सिप्ला २००१ मध्ये वर्षाला ३५० डॉलरांचा दर देऊ शकली; मूळ कंपन्यांचा दर दहा हजारांच्या घरात होता. तरीही सिप्लाचा दर त्या जोडप्याच्या आवाक्याबाहेर होता. दर आणखी उतरायला अनेक उत्पादक लागतात, आणि २००५ पासून भारतातही उत्पादन-पेटंट आल्याने नव्या औषधांसाठी ती वाट अरुंद झाली.

तेव्हा मी म्हणत असे की कंपनीचा परवाना म्हणजे भीक, तो नाकारावा. मग २०१४ मध्ये कंपन्यांकडून परवाने मिळवून ते इतर उत्पादकांना देणाऱ्या मेडिसिन्स पेटंट पूल या संस्थेला डोल्यूटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाचा परवाना मिळाला आणि आज तीच गोळी मी रोज लोकांच्या हातात देते. माझे तेव्हा ऐकले असते, तर या लोकांना ती कधी मिळाली असती? पण त्याच परवान्यातून वगळलेल्या कोलंबियाला २०२४ मध्ये सक्तीचा परवाना काढावा लागला, तेही विसरता येत नाही.

म्हणून परवाना घ्या, असे मी आता म्हणते. पेटंट मंजूर होण्याआधी हरकत घेण्याचा रुग्णसंघटनांचा हक्क मात्र त्याच्या बदल्यात सोडू नका. अशा हरकतींमुळे कंपन्या पुढचे परवानेच देणार नाहीत, अशी भीती काही जण घालतात. ती खोटी आहे, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण यादीबाहेरच्या देशातल्या माणसाला थांबायला सांगणेही मला पटत नाही.